व्यासांच्या मागावर

१८२३ साली जर्मनीतल्या बॉन शहरात गीतेची एक आवृत्ती छापून निघाली. मूळ श्लोक देवनागरीत आणि जोडीला लॅटिन भाषांतर. हे काम ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांचं. शेक्सपिअरची नाटकं जर्मनमध्ये आणणारा हा नामवंत समीक्षक पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना पॅरिसमध्ये संस्कृतची अक्षरं गिरवायला बसला. पुढे बॉनला प्राध्यापक झाल्यावर छपाईसाठी देवनागरी खिळेही त्यांनी मुद्दाम पाडून घेतले. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात, की गुरुवंदन हे ब्राह्मणांकडे पवित्र कर्तव्य मानतात, म्हणून हे कवे, मर्त्य लोकांत तुझं नाव काहीही असो, आधी तुला माझा नमस्कार. तुझ्या पाऊलखुणांची मी सदैव पूजा करीन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडची ओवी आठवली. ‘तैसा व्यासांचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु ।’ शके १२१२ मध्ये नेवाशाला म्हटलेली ओवी आणि ऱ्हाइनकाठी छापलेली ती लॅटिन ओळ, यांच्यात पाचशेहून अधिक वर्षं आहेत. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही. तरी दोघंही एकाच माणसाची पावलं शोधत निघालेले.

फरक आहे तो दुसऱ्या चरणात. ज्ञानदेव वाटेत भाष्यकार भेटले की त्यांना विचारतात, आपलं म्हणून जे असेल ते त्यात घालतात आणि पुढे चालतात. श्लेगेल यांच्यानंतर युरोपात जी मंडळी रामायण-महाभारताच्या मागे लागली, त्यांतल्या बहुतेकांना मधलं कुणी नको होतं. त्यांना थेट व्यासांना गाठायचं होतं, तेही ‘मूळ’ व्यासांना, म्हणजे मागाहून आलेल्यांनी काही मिसळायच्या आधीच्या. या एका ओढीतून अतोनात चुका झाल्या. आणि त्याच ओढीतून असं एक काम उभं राहिलं, की त्यासाठी मी या लोकांचे उपकार मानते. दोन्ही एकदम कसं, हे मला इथे मांडायचं आहे, कारण ‘गोऱ्यांनी आपल्या ग्रंथांची वाट लावली’ आणि ‘गोऱ्यांनीच आपल्याला आपले ग्रंथ दाखवले’ ही दोन्ही वाक्यं मी सारखी ऐकते आणि दोन्हींनी माझा जीव कासावीस होतो.

सुरुवात तशी राज्यकारभारातून झाली. ईस्ट इंडिया कंपनीचे चार्ल्स विल्किन्स यांनी काशीच्या पंडितांकडून शिकून गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १७८५ मध्ये लंडनला निघालं. त्याला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांचं पत्र जोडलेलं आहे, काशीहून ४ ऑक्टोबर १७८४ रोजी लिहिलेलं. त्यात ते सरळ सांगतात, की जिंकलेल्या लोकांविषयी जमवलेलं ज्ञान राज्याला उपयोगाचं असतं. पण त्याच पत्रात असंही आहे, की हिंदुस्थानातलं ब्रिटिश राज्य कधीच संपून गेलेलं असेल आणि त्यातून मिळालेल्या संपत्तीची आठवणही उरली नसेल, तेव्हाही हे ग्रंथ टिकून असतील. हिशेबाची वही आणि खरा आदर एकाच पत्रात शेजारी शेजारी आहेत. पुढची दीडशे वर्षं ते तसेच शेजारी राहिले.

विल्किन्स यांना गीतेत एकेश्वरवाद दिसला. अनेक देवांच्या पूजेतून लोकांना एका देवाकडे न्यावं, हा तिचा हेतू असावा असं त्यांनी लिहून ठेवलं. अठराव्या शतकातल्या सुशिक्षित इंग्रजाला दिसावं तेच त्यांना दिसलं. मग जर्मन भाषापंडित विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांनी बर्लिनच्या अकादमीत गीतेवर व्याख्यानं दिली. हे काव्य वाचायला मिळावं म्हणून दैवाने मला एवढं आयुष्य दिलं, अशा अर्थाचं त्यांनी मित्राला कळवलं होतं. १८२७ मध्ये तत्त्वज्ञ हेगेल यांनी त्या व्याख्यानांचं लांबलचक परीक्षण लिहिलं आणि पाणी ओतलं: इथलं ब्रह्म म्हणजे पोकळ शून्य, इथलं कर्तव्य म्हणजे जातीने नेमून दिलेलं काम. हेगेल यांना संस्कृत येत नव्हतं. पण जातीचा मुद्दा त्यांनी काढला, तो आपल्याकडे पुढे आपल्याच माणसांनी काढला आणि जास्त अधिकाराने काढला, हेही विसरता येत नाही.

खरी खडाखडी पुढे झाली. १८६९ साली ब्रेस्लाऊ इथे, म्हणजे आता पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्स्वाफमध्ये, फ्रान्झ लोरिन्झर या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने गीतेचं जर्मन भाषांतर काढलं आणि त्यासोबत एक दावा केला: गीतेच्या कर्त्याला बायबलचा नवा करार ठाऊक होता आणि त्याने त्यातून उचल केली. पुराव्यादाखल त्यांनी जोड्या लावल्या. सातव्या अध्यायात भगवान म्हणतात, ‘प्रियो हि ज्ञानिनोऽत्यर्थमहं स च मम प्रियः’. योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो, जो माझ्यावर प्रेम करतो त्याच्यावर मी प्रेम करीन. झालं, जोडी जमली. अशा जोड्या त्यांनी ढिगाने जमवल्या. पाठोपाठ १८७० मध्ये बर्लिनचे आल्ब्रेख्ट वेबर यांनी रामायणावर निबंध लिहिला. रामकथा मुळात बौद्धांच्या दशरथ जातकातली, आणि सीतेचं हरण नि लंकेचा वेढा हे होमरच्या हेलन आणि ट्रॉयवरून सुचलेलं असावं, असा त्यांचा तर्क. वेबर कुणी हौशी गृहस्थ नव्हते. वैदिक वाङ्मयात त्यांचा शब्द प्रमाण मानत.

या दोघांना उत्तर दिलं ते मुंबईच्या एका तरुण वकिलाने. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा जन्म १८५० चा. रामायण होमरवरून घेतलं काय, असा सरळ प्रश्नच शीर्षकात टाकून त्यांनी वेबर यांना दिलेलं इंग्रजी उत्तर १८७३ मध्ये छापून आलं. म्हणजे वय जेमतेम तेवीस. दोन वर्षांनी गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर काढलं आणि त्याच्या प्रस्तावनेत लोरिन्झर यांचा समाचार घेतला.

तेलंगांचं हे लेखन वाचताना मला सगळ्यात भावतो तो त्यांचा आवाज. कुठे चढलेला नाही. परधर्मीयाने आपल्या गीतेला हात लावला म्हणून थयथयाट नाही. ते एकेक मुद्दा घेतात. येशूच्या वचनांचं भारतीय भाषेत भाषांतर त्या काळी झालं होतं असं तुम्ही धरून चालता, त्याला पुरावा काय? ज्या कल्पना उसन्या म्हणता, त्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात सापडतात, मग उसनवारी कशाला हवी? पुढे मॅक्सम्युलर यांच्या पन्नास खंडांच्या ग्रंथमालेत गीतेचा खंड करायचं काम तेलंगांकडे आलं. १८८२ मध्ये तो ऑक्सफर्डहून निघाला. गीतेसोबत महाभारतातलीच सनत्सुजातीय आणि अनुगीता ही प्रकरणंही त्यात आहेत. तिथल्या प्रस्तावनेत ते गीतेचा काळ ठरवतात आणि तो ठरवण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. नवव्या अध्यायात ‘ऋक्साम यजुरेव च’ असं आहे, अथर्ववेदाचं नाव नाही. भाषा सोपी, व्याकरणात जुनी रूपं. सांख्य आणि योग अजून शास्त्र म्हणून घट्ट बांधलेले दिसत नाहीत. अशा बारीक खुणा जमवून ते गीतेला इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या अलीकडे येऊ देत नाहीत. आज अनेक अभ्यासक हा काळ मान्य करणार नाहीत. पण वाद घालायचा तर असा घालावा, हे मला त्या पानांनी शिकवलं. याच तेलंगांनी लेसिंग या जर्मन लेखकाचं, तीन धर्मांच्या सलोख्यावरचं नाटक ‘शहाणा नेथन’ या नावाने मराठीत आणलं. जर्मन पंडितांशी भांडण होतं ते पुराव्यापुरतं. पुढे ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि १८९३ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी गेले.

आणखी सोळा वर्षं जगते तर त्यांना एक मोठा पुरावा डोळ्यांनी बघायला मिळाला असता. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे. आसपासचे लोक त्याला खामबाबा म्हणत, शेंदूर लावून पूजत. १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे गेले, पण शेंदराचा थर एवढा जाड की खालचं काही दिसेना. १९०९ मध्ये थर निघाला आणि ब्राह्मी अक्षरं दिसली. तक्षशिलेचा ग्रीक, दिओनचा मुलगा हेलिओदोर, राजा भागभद्राच्या दरबारी आलेला राजदूत. त्याने देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला ‘भागवत’ म्हणवून घेतलं. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. वासुदेवाची भक्ती ख्रिस्ती धर्मातून आली असेल का, या प्रश्नाचं उत्तर ख्रिस्ताच्या जन्माआधीच्या दगडावर मिळालं, आणि ते कोरून घेणारा ग्रीक!

त्या खांबावर आणखी दोन ओळी आहेत. तीन अमृतपदं नीट आचरली तर स्वर्गाला नेतात: दम, त्याग, अप्रमाद. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला समजावतो, तिथे हेच तीन शब्द याच क्रमाने येतात, ‘दमस्त्यागोऽप्रमादश्च ते त्रयो ब्रह्मणो हयाः’. शंभर मुलं गमावलेल्या आंधळ्या बापाला सांगितलेली गोष्ट एका परदेशी राजदूताने आपल्या खांबावर घ्यावी, किंवा दोघांनी ती एकाच ठिकाणाहून ऐकलेली असावी. हे मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी मला भरून येतं. आपल्या महाकाव्यांतल्या धर्मविचाराने ओढला गेलेला विल्किन्स हा पहिला परदेशी नव्हे.

हा लेख रा. गो. भांडारकरांनी आपल्या १९१३ च्या ग्रंथात वापरला. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचं हे पुस्तक स्ट्रासबुर्गला छापलं गेलं, एका जर्मन ज्ञानकोशमालेचा भाग म्हणून. बेसनगरच्या जोडीला त्यांनी जुन्नरजवळच्या नाणेघाटातला लेखही घेतला. आपण पावसाळ्यात धुकं बघायला ज्या घाटात जातो, तिथल्या लेण्याच्या भिंतीवर इतर देवांसोबत संकर्षण आणि वासुदेव यांना नमन केलेलं आहे. शांतिपर्वातल्या नारायणीय प्रकरणात नारद श्वेतद्वीपाला जातो. वेबरप्रभृतींना तो प्रवास ख्रिस्ती मुलखातला वाटला होता. भांडारकर म्हणाले, श्वेतद्वीप म्हणजे नारायणाचं धाम, वैकुंठासारखं. पण त्याच पुस्तकात बाळकृष्णाच्या कथांबद्दल त्यांनी उलट बाजूने तर्क केला: आभीर या गुराखी जमातीने हा बालदेव आणला आणि ख्रिस्ताचं नावही बहुधा त्यांच्यासोबत आलं. मला हा तर्क पटत नाही. मात्र पुरावा नेईल तिकडे जायचं, मग ते घरच्यांना रुचो न रुचो, ही त्यांची वृत्ती इथे दिसते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

आता गार्बे. ट्यूबिंगेनचे रिशार्ड गार्बे काशीला येऊन राहिले होते, तिथल्या पंडितांकडे सांख्य शिकले होते. १९०५ मध्ये त्यांनी गीतेचं भाषांतर काढलं. त्यांचं म्हणणं, मूळ गीता ही एका सगुण ईश्वराच्या भक्तांची पोथी. वेदान्त्यांनी मागाहून तिच्यात निर्गुण ब्रह्म कालवलं. मग त्यांनी ७०० पैकी १७० श्लोक मागाहूनचे ठरवले आणि आपल्या भाषांतरात बारीक टायपात टाकले. भगवंत आणि ब्रह्म एकच, असं जिथे जिथे येतं तिथे संशय. १९३४ मध्ये रुडॉल्फ ओट्टो आणखी पुढे गेले. रणांगणावर शोभेल तेवढंच मूळ, बाकी सगळं जोडकाम.

पैठणीतून जरीचे धागे उपसावेत आणि उरलेल्याला मूळ कापड म्हणावं, तसं मला हे वाटतं. सगुण आणि निर्गुण एकत्र नांदू शकत नाहीत, हा आग्रह गीतेचा नाही. ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वारीला जाणाऱ्या माणसाला विठ्ठल हा विटेवर उभा असलेला देव आणि सर्वत्र भरलेलं ब्रह्म, या दोन गोष्टींत तंटा दिसत नाही. गार्बे यांनी काशीत सांख्य विचारून घेतलं. गीतेचं मात्र कुणाला विचारलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१५ मध्ये ते छापून आलं. त्याच्या बहिरंगपरीक्षणात गीता आणि ख्रिस्ती बायबल यांवर एक भाग आहे आणि तिथे लोरिन्झर यांचा दावा पुन्हा तपासला आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पहिल्या प्रकरणातलं. ग्रंथाचं तात्पर्य कसं काढायचं, यासाठी टिळक मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जैमिनीच्या परंपरेची, कसोटी घेतात: आरंभ आणि शेवट बघा, पुन्हा पुन्हा काय सांगितलं ते बघा, नवं काय, फळ काय, स्तुती कशाची, युक्तिवाद कशाचा. अर्जुन लढायला तयार नाही इथून सुरुवात आणि ‘करिष्ये वचनं तव’ इथे शेवट; मग मधल्याचा अर्थ या दोन टोकांना धरून लावायचा. ही ज्ञानदेवांची वाट पुसण्याची तऱ्हाच आहे, फक्त इथे वाट जैमिनीच्या पठडीतल्या लोकांना विचारली. टिळकांचा निष्कर्ष कर्मयोगाकडे फारच झुकलेला आहे, भक्तीला तिथे हात आखडता मिळतो असं मला वाटतं. पण ग्रंथ अखंड धरून वाचायची त्यांची शिस्त गार्बे यांच्या कात्रीपेक्षा मला विश्वासाची वाटते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की युरोपीय पंडितांनी फक्त तोडमोड केली. तसं नाही. आता मी त्यांचे उपकार का मानते ते सांगते.

१८९७ मध्ये पॅरिसला प्राच्यविद्यांची परिषद भरली होती. तिथे मोरिझ विंटरनिट्झ या विद्वानाने मांडलं, की महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाल्याशिवाय त्याच्याबद्दल कुठलंही विधान करणं म्हणजे अंधारात तीर. याच विंटरनिट्झ यांनी पुढे महाभारताला वाङ्मयातला अक्राळविक्राळ प्रकार म्हटलं. आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. आधी सगळ्या प्रांतांतल्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहा, मग बोला, एवढंच म्हणणं होतं. युरोपातल्या अकादम्यांनी ते उचललं. बर्लिनचे हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये आदिपर्वाच्या सुरुवातीच्या काही श्लोकांचा नमुना छापला. मग महायुद्ध आलं आणि सगळं बारगळलं.

ते पुण्याने पुरं केलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये निघाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपये देऊ केले. ते स्वतः चित्रकार; आवृत्ती सचित्र व्हावी ही त्यांची इच्छा होती आणि पहिल्या खंडांवर त्यांचं नाव चित्रकार म्हणूनही आहे. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांनी ‘नारायणं नमस्कृत्य’ लिहून कामाचा श्रीगणेशा केला. १९२५ मध्ये प्रमुख संपादक म्हणून आले विष्णु सीताराम सुखटणकर: केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला ज्यांच्याकडे संस्कृत शिकले ते गुरू म्हणजे हेच ल्यूडर्स. जर्मन गुरूच्या अर्धवट राहिलेल्या नमुन्याचं काम मराठी शिष्याने पुण्यात हाती घेतलं.

हे काम कसं चालायचं, हे सुखटणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. एकेका श्लोकाला एकेक मोठा कागद. त्यावर उभ्याआडव्या रेघा मारून चौकटी पाडलेल्या, वरच्या ओळीत प्रचलित पाठाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत. डावीकडे पोथीचं नाव. त्या पोथीत जे अक्षर वेगळं असेल तेवढंच त्या चौकटीत लिहायचं, तेही आधी पेन्सिलीने. वरिष्ठाने तपासल्यावर मग शाईने. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम, इतक्या लिप्या. कमीत कमी दहा पोथ्या, आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी साठ. छापील पानावर वरती निवडलेला पाठ, खात्री नसलेल्या अक्षरांखाली नागमोडी रेघ, आणि खाली बारीक अक्षरांत कुठल्या पोथीत काय आहे त्याची यादी. अनेक पानांवर खालचा मजकूर वरच्याहून जास्त आहे. सुरुवातीला मी ती खालची यादी सोडून देत असे. आता मी आधी तीच वाचते, कारण काश्मीरपासून केरळपर्यंत कुणी काय ऐकलं, ते तिथे आहे. १९६६ मध्ये हे काम पुरं झालं. १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या.

या कामाने आपल्याला काही दुखावणाऱ्या गोष्टीही सांगितल्या. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितोय, हा प्रसंग आदिपर्वाच्या मुख्य पाठात नाही, परिशिष्टात आहे. दक्षिणेकडच्या पोथ्यांत तो नाही, हे विंटरनिट्झ यांनी १८९८ मध्येच दाखवलं होतं. गणेशोत्सवात वाढलेल्या माणसाला हे गिळायला वेळ लागतो. त्याहून अवघड सभापर्व. १९४४ मध्ये फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने ते संपादलं. त्यात द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. ‘गोविन्द द्वारकावासिन्’ हे श्लोक खाली गेले. वरती एवढंच, की दुःशासन वस्त्र ओढू लागला आणि तशीच दुसरी वस्त्रं पुन्हा पुन्हा प्रकट होत गेली. कुणी दिली ते सांगितलेलं नाही. बोटाला चिंधी बांधणाऱ्या द्रौपदीची गोष्ट आमच्या घरात भाऊबीजेला सांगतात. माझ्या आईला मी सभापर्वातला हा पाठ वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मग त्याला कळलं कसं?’

आईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच आवृत्तीत, उद्योगपर्वात आहे. संजय कौरवांना कृष्णाचा निरोप सांगतो. कृष्ण म्हणतो, ‘ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति । यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम् ॥’ मी दूर होतो आणि द्रौपदीने ‘गोविंदा’ अशी हाक मारली. ते वाढत गेलेलं ऋण माझ्या काळजातून जात नाही. हा श्लोक संपादकांनी वर ठेवला आहे, कारण पोथ्यांची साक्ष त्याच्या बाजूने आहे. सभापर्वात हाक नाही आणि उद्योगपर्वात तिची आठवण आहे. देव मागाहून चिकटवला, म्हणून तो अलगद काढता येईल, असं ज्यांना वाटत होतं त्यांनी या दोन पानांपुढे थांबायला हवं. तो एका जागी काढला तर दुसऱ्या जागी ऋणकरी म्हणून उभा राहतो.

सुखटणकरांना हे माहीत होतं. कात्री त्यांच्याइतकी कठोरपणे कुणी चालवली नसेल. भृगुकुळाच्या कथा महाभारतात किती आणि कशा शिरल्या, हेही त्यांनीच १९३६ मध्ये दाखवलं. पण मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं तयार केली, तेव्हा पहिल्यातच त्यांनी युरोपीय टीकाकारांची झाडाझडती घेतली. मूळची छोटीशी क्षत्रियकथा शोधत बसलात आणि समोरचा ग्रंथ वाचायचा राहिला, असा त्यांचा रोख. मग ते कथा तीन पातळ्यांवर उलगडतात: ऐहिक, नैतिक आणि पारमार्थिक. शेवटच्या पातळीवर कृष्ण आणि अर्जुन म्हणजे नारायण आणि नर. चौथं व्याख्यान व्हायच्या आधीच २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. ती व्याख्यानं १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पोथीतलं एकेक अक्षर तोलणारा माणूस अर्थाकडे वळतो तेव्हा किती मोकळा होतो, ते बघायला ती वाचावीत.

युरोपातूनही पुढे वेगळा सूर आला. फ्रान्सच्या मादलेन बियार्दो पुण्याला यायच्या, पंडितांसोबत बसून ग्रंथ लावायच्या. त्यांना महाभारत आदिपासून अंतापर्यंत भक्तीने विणलेलं दिसलं. आणि म्हणून त्या चिकित्सक आवृत्तीवरच नाराज होत्या. तोंडी परंपरेने प्रत्येक प्रांतात जगलेल्या ग्रंथाचा एकच पाठ काढायचा कशाला, असं त्यांनी ‘पुराण’ या नियतकालिकात १९६८ च्या सुमारास लिहिलं. भांडारकर संस्थेच्या वि. म. बेडेकरांनी तिथेच त्यांना उत्तर दिलं. आता फ्रेंच विदुषी परंपरेच्या बाजूने आणि पुण्याचे पंडित पाठचिकित्सेच्या बाजूने! मी या वादात बेडेकरांच्या बाजूची आहे. पाठ निवडला म्हणून बाकीचे फेकून दिले नाहीत. ते त्याच पानावर खाली आहेत, कुठल्या गावच्या पोथीतले त्या खुणेसकट. बियार्दोंना जी परंपरा हवी होती ती इतकी एकत्र आणखी कुठे मिळणार? वाचणाऱ्याने नजर खाली नेली पाहिजे.

गार्बे यांच्या १७० श्लोकांचं काय झालं, तेवढं राहिलं. गीता ज्या भीष्मपर्वात आहे ते श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी संपादलं, १९४७ मध्ये. काश्मीरकडच्या पोथ्यांत काही पाठभेद आहेत, थोडे जादा श्लोकही आहेत. पण ते १७० श्लोक वगळलेली पोथी कुठल्याच लिपीत मिळाली नाही. पोथ्या सगळ्या पुष्कळ अलीकडच्या, तेव्हा त्याआधी काय घडलं ते त्यांच्यावरून सिद्ध होत नाही, हे खरं. गार्बे यांचा कयास त्यामुळे खोटा ठरत नाही, आधाराविना मात्र राहतो. बेलवलकरांच्या पाठात गीतेचे श्लोक ७०० आहेत, सगळे एकाच टायपात.